माझी चाल चोरणारी पोर

मी रागीट बाई हाये, हे शहापूरच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक हाये. माझी भेंडी कोणी जून बोललं ना, तर मी ती त्याच्या नाकासमोर कट्टकन मोडून दाखवते. आता अशा बाईच्या मागं तीन दिवस एक पोर लंगडत फिरली, तर काय होणार, तुमीच सांगा!

पहिल्या दिवशी मला वाटलं, पाय मुरगळला असेल बिचारीचा. दुसऱ्या दिवशी बघते तर मी थांबले की ती थांबते, मी कमरेवर हात ठेवला की तिचा हात कमरेवर. तिसऱ्या दिवशी चहावाला अनंता गालात हसत बोलला, "ताराबाय, मागं बघा जरा." मी गर्रकन वळले. पोर डावा पाय ओढत, तोंड वाकडं करत, हुबेहूब माझ्यासारखी येत होती! अंगाचा नुसता तिळपापड झाला. भाजीची पाटी तिथंच टेकवली आणि तिचं मनगट धरलं.

"का गो सटवे, म्हातारीच्या लंगड्या पायाची नक्कल करतेस? कानाखाली जाळ काढीन!"

मला वाटलं, रडेल. तर ती डोळे मोठे करून बोलते कशी, "मावशी, आजून एकदा ओरडा ना! जाळ बोलताना तुमची मान कशी गेली, ते बघायचं राहिलं."

मी हसले नाय, पण माझ्या हातातनं तिचं मनगट सुटलं.

राही तिचं नाव. आटगावची, वय एकोणीस, शहापूरला कॉलेजात. कॉलेजची एकांकिका स्पर्धेला उतरणार होती आणि त्यात भाजीवाल्या म्हातारीचं काम हिला दिलेलं. नाटक बसवणारे अनिल सर बोलले होते, केसाला पावडर फासली म्हणून कोण म्हातारं होत नाय, जा, एखादी खरी म्हातारी शोध आणि तिला नीट बघ. हिनं अख्ख्या बाजारातनं शोधली ती मला. पासष्ट म्हणजे काय म्हातारपणाचं वय झालं?

"सरळ येऊन विचारायचंस की," मी बोलले.

"विचारलं असतं तर तुमी नीट चालला असता."

ते मात्र खरं होतं. फोटो काढायचा बोलले तरी मी ताठ होते.

मग तिनं घरचं सांगितलं. तिच्या बापाला, सावळारामला, हे नाटकबिटक मंजूर नव्हतं. तो बोललेला, हे शेवटचं. मी स्वतः येऊन बघतो. माझ्या डोळ्यांना काय दिसलं तर पुढचं बोलू, नायतर एक तारखेपासून भिवंडीच्या गोदामात कामाला जायचं. जागासुद्धा बोलून ठेवलेली. मी पाटी बाजूला सारली.

"चल, चालून दाखव," मी बोलले.

ती चालली. अनंताच्या टपरीपासून माझ्या गोणपाटापर्यंत सारखी लंगडत आली.

"खोटं! सगळं खोटं!" मी ओरडले. "अगो, माझा पाय बारा वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरनं घसरून दुखावलाय. तो सारखा दुखत नाय. बसून उठलं की पहिली तीन पावलं जीव घेतो. मग गुडघा मोकळा होतो आणि मी बरी चालते. आणि तोंड काय वाकडं करतेस? गिऱ्हाइकासमोर मी तोंड वाकडं करते काय कधी? दुखतं ते लपवायचं असतं!"

राही टक लावून ऐकत होती. "मावशी," ती हळूच बोलली, "हे मला तीन दिवसांत दिसलंच नाय."

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या गोणपाटावर येऊन बसायला लागली. सकाळचं कॉलेज करून अकराला यायची. मी तिला उकिडवी बसवली. पाय पसरला की पाठीत धपाटा! एक तास झाला, दोन झाले. पोर घामाघूम, ओठ चावतेय, पण उठली नाय. तिसऱ्या तासाला मी बोलले, "जा, पाणी आण." ती उठली. एक पाऊल, दुसरं, तिसरं, आणि चेहऱ्यावर काय नाय! फक्त हात नकळत मांडीवर गेला आणि तिनं तो पटकन पदरात लपवावा तसा ओढणीत लपवला. अनंतानं हातातली किटली खाली ठेवली. "च्यायला, ही तर तुमीच!" तो बोलला. मला इतका आनंद झाला की मी एका बाईला मूठभर कोथिंबीर फुकट दिली.

पंधरा दिवस असं चाललं. माझं खोकणं, माझं तराजू धरणं, माझ्या शिव्यासुद्धा तिनं उचलल्या. माझं जुनं हिरवं लुगडं घेऊन गेली. मला वाटलं, आता हिला माझ्यातलं सगळं आलं.

स्पर्धा होती रविवारी दुपारी, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी दुकान बंद ठेवून गेले. माझा जीव टांगणीला! पडदा वर जाऊन दोन मिनिटं झाली, तेवढ्यात एक दणकट माणूस अंधारात चाचपडत आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. "झालं काय सुरू? आमच्या राहीचं काम हाये," तो कुजबुजला. सावळाराम! मी ओळखलं, पण मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, बघू दे त्याचं त्याला.

स्टेजवर सकाळचा बाजार लागलेला. म्हातारीनं पाटी उतरवली, गोणपाट झटकलं, बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं, घासाघीस झाली, पालेभाजीची जुडी गेली. म्हातारीनं हातात आलेली नोट घेतली आणि सरळ कमरेला खोचली.

आणि मी भान विसरले. खरंच विसरले हो! खुर्चीतनं उठून ओरडले, "अगो, भवानी हाये ती! दिवसाची पहिली विक्री! पाटीला लाव, कपाळाला लाव, अशीच काय खोचतेस?"

अख्ख्या हॉलच्या माना माझ्याकडं वळल्या. मी मटकन खाली बसले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोर रोज अकराला यायची आणि माझी भवानी सकाळी साडेसातला व्हायची. तिनं ती कधी बघितलीच नव्हती. शिकवायची राहिली ती मी, आणि आता भर नाटकात बोंब मारली तीपण मीच. पोरीच्या नाटकाचं मीच वाटोळं केलं!

स्टेजवर म्हातारी हळूच वळली. डोळ्यांवर हात धरून तिनं अंधारात बघितलं. "कोण गो ती कोपऱ्यातली? सकाळी सकाळी केवढ्यानं ओरडतेस!" मग कमरेची नोट काढली, पाटीला लावली, कपाळाला लावली आणि गिऱ्हाइकावर डाफरली, "ह्याच्यामुळं! एका जुडीपायी माझं डोकं फिरवलंन, भवानीसुद्धा विसरले मी!"

हॉल असा हसला, असा हसला! शिट्ट्या काय, टाळ्या काय! सावळाराम मांड्या थोपटत होता. "जाम भारी हाये ही म्हातारी! आमच्याकडचीच वाटते. कुठनं आणली?" मी तोंडात पदर कोंबला. जरा वेळानं म्हातारी उठली, तीन पावलं चालली, आणि सावळाराम हसायचा थांबला. "पाय दुखतोय तिचा," तो बोलला. "दाखवत नाय, पण दुखतोय."

मग शेवटपर्यंत तो पुढं सरकूनच बसला. मधेच मला विचारायचा, "पण आमची राही कधी येणार?"

पडदा पडला तसा तो ताडकन उठला. "संपलं? आणि माझी पोर? चार महिने घरादाराचं डोकं खाल्लं आणि हिला काम दिलंच नाय? कुठाय तो सर? बघतोच त्याच्याकडं!"

मी त्याचा हात घट्ट धरला. "दादा, खाली बसा. मघापासून तुमी तिलाच बघताय."

पडदा पुन्हा वर गेला. सगळी मुलं ओळीनं उभी होती. म्हातारीनं डोक्यावरचा पांढरा टोप काढला आणि खालून काळीभोर वेणी पाठीवर पडली. राही आमच्या कोपऱ्याकडं बघून हसली. सावळाराम बघतच राहिला. एकदा तिच्याकडं, एकदा तिच्या पायाकडं. मग दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि टाळ्यांच्या गोंगाटात खिशातनं फोन काढला.

"हॅलो, भाऊ? गोदामातली ती जागा दुसऱ्या कोणाला द्या," तो ओरडून सांगत होता. "नाय, नाय, राग नाय. आमची पोर कामाला लागली."