माझ्या कडेत अडकलेले भूर्जाचे बी

मित्रांनो, चाळणी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पीठ येते. मी पिठाची नव्हे, गाळाची चाळणी आहे, आणि आता पुरती जुनी झाले आहे. तळ्यांच्या तळाशी हजारो वर्षे निजलेला गाळ माझ्यातून धुतला गेला. माझे पितळी कडे काळवंडले आहे, जाळी मध्यभागी सैल पडली आहे. म्हणी काढायच्या झाल्या की लोकांना आमची छिद्रेच आठवतात. त्या छिद्रांनी धरून काय ठेवले, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगते. थकले आहे, तेव्हा जरा सावकाश सांगेन.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने पोलादी तारेची बारीक जाळी गोल कापली, पितळेच्या कड्यावर ताणून बसवली आणि कडेने कथील वितळवून डाख दिला. जाळीवर बोट मारून त्याने आवाज ऐकला आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. पुढे कौतुक फारसे वाट्याला आले नाही.

तिथून मी एका प्रयोगशाळेत आले. तळमजल्यावर एक लांबट खोली होती. तिच्यात दगडी सिंक, दोन नळ, खिडकीशी सूक्ष्मदर्शक आणि भिंतीला एक खिळा होता. तो खिळा माझा. सिंकपाशी एक गृहस्थ उभे असत. सगळे त्यांना गाळकाका म्हणत. आयुष्यभर त्यांनी एकच काम केले, गाळ धुण्याचे. त्यांच्या नखांतला काळेपणा कधी गेला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो तसाच होता, असे ते स्वतःच हसत सांगत.

काम काय होते ते सांगते. तळ्याकाठची झाडे पाने टाकतात, बिया टाकतात. त्या पाण्यात बुडतात आणि त्यांच्यावर गाळ बसतो. दरवर्षी एक पातळ थर. थरावर थर चढतात. माणसे तराफ्यावरून तळ्यात लांब नळी खुपसतात आणि तो गाळ अख्खा वर काढतात. जितके खोल जावे तितका काळ जुना. मग त्या गाळाच्या चकत्या कापतात. प्रत्येक चकतीचा एक तुकडा वरच्या मजल्यावर जाई. तिथे एक तरुण संशोधिका पांढरा झगा घालून, तोंड बांधून बसे. गाळकाका तिला डीएनएवाल्या ताई म्हणत. पान कुजून नाहीसे झाले तरी त्याच्या डीएनएचे तुटके धागे मातीच्या कणांना चिकटून राहतात, आणि ताई ते वाचत. दुसरा तुकडा माझ्याकडे येई. पाण्याची धार पडली की चिखल वाहून जाई आणि मागे उरे एखादे बी, पानाचा कपटा, शेवाळाची काडी. ताईंना न दिसणारे झाड मी दाखवत होते, मला न सापडणारे त्या दाखवत होत्या. दोघींचे जुळले की त्या काळचे रान उभे राहत असे.

या साऱ्याच्या प्रमुख एक प्राध्यापिका होत्या, सगळे त्यांना नुसते बाई म्हणत. चष्मा कपाळावर, पेन्सिल केसांत, आणि पेन्सिल शोधत सगळ्या खोलीभर फिरणे. त्यांचे एक म्हणणे होते. डोंगरातल्या उंच तळ्याभोवती, जिथे आज नुसते गवत आहे, तिथे बर्फ ओसरताच, अकरा हजार वर्षांपूर्वीच, झाडे आली असणार. मोठमोठे जाणकार म्हणत की नाही, झाडे फार उशिरा आली. बाई वीस वर्षे वाद घालत होत्या. पुरावा मात्र हाती नव्हता. सभांमध्ये लोक त्यांना बोलू देत आणि मग एकमेकांकडे पाहून हसत.

एव्हाना माझे वय झाले होते. एका बाजूचा डाख सुटला होता, आणि जाळी व कड्याच्या मध्ये एक बारीक फट पडली होती. कुणाच्या नजरेस ती आली नाही. काका रोज मला उलटी करत, कडेकडेने ब्रश फिरवत आणि उजेडात धरून बघत. त्यामुळे निभत होते.

एके दिवशी दुपारी काका खालच्या दरीतल्या तळ्याचा गाळ धुत होते. त्या गाळात भूर्जाच्या बिया खच्चून भरल्या होत्या. भूर्जाचे बी तिळाहून लहान असते, आणि त्याला दोन्ही बाजूंनी पातळ पंख असतात. त्याच दिवशी चार वाजता काकूंचे, म्हणजे काकांच्या पत्नीचे, पोटाचे ऑपरेशन होते. तीन वाजता दवाखान्यातून फोन आला. काकांनी मला नळाखाली एकदा विसळले आणि खिळ्याला अडकवले. ना उलटी केली, ना ब्रश फिरवला. इतक्या वर्षांत असे प्रथमच झाले. माझ्या फटीत तीन बिया अडकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यातून थेट कामावर आले. काकू सुखरूप होत्या, पण काकांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांनी समोरची चकती घेतली. ती डोंगरातल्या तळ्याची होती, अकरा हजार वर्षांपूर्वीच्या थरातली. पाण्याची जोराची धार पडली आणि माझ्या कडेतून दोन बिया निसटून जाळीवर आल्या.

बाईंनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मग खुर्ची मागे सारून उठल्या, खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, पुन्हा येऊन पाहिले. त्या दिवशी त्यांनी मला हातात घेतले आणि पदराने माझे कडे पुसले. मित्रांनो, कौतुकाची भूक मलाही होती. पण तो स्पर्श मला सोसवला नाही. मला वाचा असती तर मी तिथेच सांगितले असते.

डीएनएवाल्या ताई खाली आल्या आणि म्हणाल्या की त्या थरात गवत आहे, लव्हाळा आहे, वाळुंजाच्या, म्हणजे विलोच्या, जातीचे काहीतरी आहे, पण भूर्जाचा मागमूस नाही. बाईंनी ते कानाआड केले. जुना डीएनए तुटतो, सगळाच कुठे टिकतो, असे त्या म्हणाल्या. ते खोटेही नव्हते. पण वीस वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला हवे तेच पटते. मोठ्या सभेत ही गोष्ट मांडायची ठरली.

सभेला पंधरा दिवस उरले असताना काकांच्या लक्षात माझी फट आली. डाख पुन्हा द्यावा म्हणून त्यांनी आत सुई फिरवली. सुईच्या टोकाला तिसरे बी आले. पंख शाबूत होते. नळ चालू होता. काका ते बी बोटावर घेऊन उभे राहिले. एका थेंबात ते वाहून गेले असते, आणि कुणालाही काही कळले नसते. काकांनी नळ बंद केला, बी काचेच्या बशीत ठेवले आणि स्टुलावर बसले. निवृत्तीला त्यांचे आठ महिने राहिले होते.

दोन दिवस ती बशी त्यांच्या खणात होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती बाईंसमोर ठेवली आणि घडले ते सगळे सांगितले. ऑपरेशनचा दिवस, घाई, न फिरवलेला ब्रश, काहीही वगळले नाही.

बाईंनी बशी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, "आठ महिने राहिलेत तुमचे. हे आत्ताच सांगायचं काय अडलं होतं, काका?"

"घरी बोललो," काका म्हणाले. "बायको म्हणाली, पोटात ठेवून झोप लागणार असेल तर ठेवा. मला काही झोप लागली नाही."

"त्या दोन बिया खऱ्याच असतील. हे तिसरं बी वेगळं असेल."

"असेल की. पण मला माहीत नाही, बाई. आणि तुम्हालाही माहीत नाही."

खात्री करून घेण्याचा एकच मार्ग होता. बी जाळून त्याचे वय काढता येते. वय कळते, पण बी संपते. बाईंनी त्या दोन बियांपैकी एक बी पाठवले. निकालाला दीड महिना लागणार होता आणि सभा तर बारा दिवसांवर आली होती. बाईंनी माझ्यासमोरच फोन उचलला आणि आपण बोलणार नाही म्हणून कळवले. पलीकडून कारण विचारले गेले असावे. "चाळणी नीट धुतली नव्हती," एवढेच बाई म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या क्षेत्रात हा विनोद चालू होता.

निकाल आला. बी तीन हजार वर्षांचे निघाले. दरीतल्या तळ्याचा तो थरही तेवढाच जुना होता.

बाई काकांवर चिडल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. आठवडाभर त्या सिंकच्या खोलीत आल्या नाहीत. काका रोज यायचे, गाळ धुवायचे, दर चकतीनंतर मला दोनदा ब्रश करायचे आणि दारावर पाऊल वाजले की मान वर करायचे. सात दिवसांत त्यांचे खांदे पार उतरले. मीही दमले. नुसते बघत राहणे किती दमवते, ते मला त्या आठवड्यात कळले.

आठव्या दिवशी बाई आल्या. त्यांच्या हातात त्याच चकतीचा शिल्लक राहिलेला तुकडा होता आणि काखेत एक कोरी करकरीत चाळणी. "हा पुन्हा धुवा," त्या म्हणाल्या. "मी इथेच बसते."

काका धुत होते आणि बाई स्टुलावर बसून बघत होत्या. मी खिळ्यावर होते. नव्या जाळीवर लव्हाळ्याच्या चार बिया आल्या, शेवाळाची एक काडी आली, आणि नखाएवढे, कडेला दातेरी, वाळुंजाचे एक पान आले. ते वाळुंज झाड म्हणण्याजोगे नव्हतेच. जमिनीला चिकटून सरपटणारे, बोटभर उंचीचे. ताईंनी वाचले होते ते हेच.

बाईंनी पान चिमट्याने उचलले. "वीस वर्षं मी इथे झाडं शोधत होते," त्या म्हणाल्या. "आणि हे बिचारं बोटभर." मग किती तरी दिवसांनी त्या काकांकडे बघून थोडे हसल्या आणि काकूंची तब्येत विचारली.

पुढे बाईंनी लिहिले की त्या काळी तिथे जंगल नव्हते. आपली चूक कशी झाली तेही लिहिले, माझ्या सुटलेल्या डाखासकट. काकांवर बोट ठेवले नाही. वाद घालणारे जाणकार जिंकले. उरलेले महिने भरले आणि काका निवृत्त झाले. आता सिंकपाशी दुसरेच कुणी असते. प्रत्येक तळ्याला वेगळी चाळणी असते, आणि शाळेतली मुले आली की माझ्यातून वाळू चाळून दाखवतात. मुले टाळ्या वाजवतात. मला त्याचे आता फारसे काही वाटत नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जिच्या कामावर दुसऱ्याचे खरे-खोटे ठरते, त्या वस्तूला रोज नीट न्याहाळा. घरी काळजी असेल त्या दिवशी काम बाजूला ठेवा, कुणी काही म्हणणार नाही, आणि म्हणालेच तर म्हणू द्या. आणि मुलांचा खेळ संपला की मला कोरडी पुसून ठेवत जा. ओल राहिली की पितळ हिरवे पडते. पुसायला वेळ नसेल, तर मला मोडीत घाला, पण ओली टांगू नका.