थोरली तार, धाकटी तार

त्या गॅरेजमध्ये रोटरी इंजिनाच्या प्लगना जावा म्हणत. आत फिरणाऱ्या एका रोटरला दोन प्लग. खालचा आधी ठिणगी टाकतो, वरचा जरा मागून. म्हणून सासऱ्यांनी खालच्या प्लगच्या तारेला थोरली म्हटलं आणि वरच्या तारेला धाकटी. पुढे घरात दोन सुना आल्या, दोघीही याच कामात पडल्या आणि सासऱ्यांना आयता विनोद मिळाला. "आमच्याकडे थोरली पायाशी आणि धाकटी डोक्यावर," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत. धाकटी सून हसायची. तिला ते मनातून पटलेलंही होतं, हीच तर गोम.

थोरली इंजिनं बांधायची. धाकटी गाडीचा मूळ कॉम्प्युटर काढून बाहेरून घेतलेला बसवायची आणि लॅपटॉपवरून त्याला वळण लावायची. सासरे तिचं कौतुक करताना थकत नसत, आणि फार कौतुक झालं की माणूस शेफारतोच.

दंतवैद्याच्या गाडीचं इंजिन थोरलीने जीव ओतून बांधलं होतं. आता फक्त ठिणगीची वेळ जुळवायची होती. कॉम्प्युटरमध्ये वेळ एका जागी बांधून ठेवायची, ठिणगीसरशी लखलखणाऱ्या टायमिंग लाइटची क्लिप थोरल्या तारेला लावायची आणि लाइटच्या उजेडात पुलीवरची थोरल्या तारेची पिवळी खूण पिनेसमोर येईपर्यंत आकडा सरकवायचा.

"क्लिप नीट बघितलीस ना गं?" थोरलीने विचारलं.

"ताई, तुम्ही नट आवळा. हे माझ्यावर सोडा."

खूण पिनेसमोर आली. दंतवैद्य खुशीत गाडी घेऊन गेला आणि दुपारी ती दोरीने ओढत परत घेऊन आला. चढावर जरा पाय दाबला, आत खडखडलं आणि इंजिनाने मान टाकली, म्हणाला.

"बांधलं कोणी हे?" त्याने विचारलं.

सासऱ्यांनी थोरलीकडे पाहिलं. धाकटीने लगेच लॅपटॉप फिरवून दाखवला. "माझ्या बाजूने सगळं बरोबर आहे." तिला कोणी विचारलंही नव्हतं.

इंजिन उतरवायचं म्हणून ती तारा काढायला वाकली. तारा जुन्या, तेलाने आणि धुळीने माखलेल्या. खालची तार टोकापासून टोकापर्यंत काळी होती. वरच्या तारेवर मात्र क्लिपच्या रुंदीएवढा स्वच्छ पट्टा उमटला होता.

तिला सगळं उमगलं. क्लिप धाकट्या तारेवर होती आणि खूण तिने थोरलीची जुळवली होती. मागून यायची ती ठिणगी पुढच्या जागेवर ओढली गेली, आणि तिच्याबरोबर सगळं इंजिनच वेळेआधी पेटायला लागलं. असं इंजिन जोरात चालवलं की रोटरच्या टोकावरची पट्टी फुटते. हे तिला पाठ होतं. ती आजूबाजूला बघून उठली, फडकं घेतलं आणि दोन्ही तारा लख्ख पुसल्या.

थोरलीने इंजिन उघडलं. पट्टीचे तुकडे झाले होते.

"माझाच हात चुकला असेल," ती म्हणाली.

"असेल काय, चुकलाच," सासरे म्हणाले. "हिचं काम बघ. तारासुद्धा आरशासारख्या. उद्यापासून तू काउंटरवर बस. इंजिनाला हात लावू नकोस."

धाकटीची कानशिलं तापली. इतकी वर्षं गोड लागलेलं कौतुक आज कडू लागलं. थोरली आपले पाने पुसून एकेक खणात ठेवत होती, पाहुणी निघताना सामान आवरते तशी. मग तळहातावर ते तुकडे घेऊन ती धाकटीजवळ आली.

"तुझी नजर बारीक आहे. बघून सांग, माझं नेमकं काय चुकलं? आता बांधणार नाही मी, पण कळलं तरी पाहिजे."

धाकटीला तिच्या तोंडाकडे बघवेना. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुकड्यांकडे बघतच तिने हाक मारली, "बाबा, इकडे या. डॉक्टर, तुम्हीही या."

दोघे आले.

"क्लिप मी धाकटीला लावली," ती म्हणाली, "आणि आळ येऊ दिला थोरलीवर. ताईंनी इंजिन चांगलं बांधलं होतं. मी ते फोडलं, आणि मग तारा पुसल्या."

शब्द तर सासऱ्यांच्याच विनोदातले होते, पण त्यांना हसू आलं नाही. 

"पुसल्यास तेव्हाच कळलं मला," थोरली म्हणाली. "या गॅरेजात तू आजवर फडकं कधी हातात धरलंस?"

"मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं का? बाबांनी नुसतं पाहिलं माझ्याकडे. मग म्हटलं, बघू तूच सांगतेस का."

सासऱ्यांनी मान खाली घातली. थोरलीने खण उघडला, पाने पुन्हा बाहेर काढले आणि एक फडकं धाकटीच्या अंगावर टाकलं.

"धर. पुसायला घेतलंच आहेस तर आता आतलंही पूस. कण न् कण निघाला पाहिजे, मग मी बांधते."

धाकटी इंजिनापाशी खाली बसली.