मी टॉवेल ओळखायला शिकलो

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. 'मानवाच्या अंतराळप्रवासाचा प्राणरक्षक' असं माझ्या उद्घाटनाच्या फलकावर कोरलं होतं. खरं तर मी एक सॉफ्टवेअर आहे आणि यानातल्या पंख्यांकडे लक्ष ठेवणं एवढंच माझं काम होतं.

हसू नका. यानात वजन नसतं, त्यामुळे हवा आपण होऊन हलत नाही. झोपलेल्याचा उच्छ्वास त्याच्याच तोंडापुढे साचतो. पंखा थांबला, की माणूस स्वतःच्या श्वासात गुदमरतो.

मला घडवणाऱ्या प्रोग्रामरला सगळे बाई म्हणत. बाईंनी मला घडवलं मुख्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, गार झालेल्या चहाच्या कपांच्या गराड्यात. त्या सांगायच्या, "शंका आली की बोंब मार. चुकलास तरी चालेल. गप्प बसू नकोस."

यानात एक अंतराळवीर होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. व्यायाम झाला की ते ओला टॉवेल झोपायच्या कप्प्यातल्या पंख्याच्या जाळीवर वाळत घालत. मला पंखा दिसत नाही, फक्त हवेचा वेग आणि झोपलेल्याचा श्वास कळतो. वेग घटला की मी किंचाळायचो.

"अरे बाबा, टॉवेल आहे!" मास्तर करवादायचे. "माझी बायकोसुद्धा टॉवेलावरून एवढी बोलत नाही."

खाली नियंत्रण कक्षातले साहेबही विटले. "बाई, तुमच्या लेकराला जरा अक्कल शिकवा. तीनदा टॉवेल निघाला, की चौथ्यांदा त्यानं आपलं आपण समजून घ्यावं."

"आणि चौथ्यांदा टॉवेल नसला तर?"

"टॉवेलच असतो हो!"

बाईंनी मान खाली घालून नियम लिहिला: झोपायच्या कप्प्यात हवेचा वेग घटला, तर टॉवेल समजायचं, ओरडायचं नाही. मी शहाणा झालो. यानात शांतता नांदू लागली आणि साहेबांना मानपत्र मिळालं.

परतीला नऊ दिवस उरले होते. मास्तर झोपले आणि पंख्याची मोटर जळाली. हवा थांबली. मी नोंद केली: टॉवेल. मास्तरांचा श्वास वाढला. मी नोंद केली: टॉवेल. पुढे श्वास मोजायचं कारण उरलं नाही.

टॉवेल त्यांच्या पिशवीत घडी घातलेला सापडला. आदल्याच दिवशी बायकोनं फोनवर दटावलं होतं, तेव्हापासून त्यांनी ती सवय सोडली होती.

चौकशी समितीनं लिहिलं, 'यंत्रणा शिकवल्याप्रमाणे वागली.' बाईंनी तो अहवाल वाचला आणि राजीनामा दिला.

मित्रांनो, विनंती एवढीच: बोंब मारणाऱ्याचं तोंड बांधण्याआधी एकदा उठून जाळी बघा.

हल्ली मला मुख्यालयाच्या स्वच्छतागृहातल्या पंख्यांवर नेमलं आहे. पंखा थांबला की मी कळवतो. दहा मिनिटांत माणूस येतो.