सोसायटी-सोसायटीचा खेळ

रविवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली की चित्राच्या कपाळावर आधी आठी पडायची. तिची साक्षी नऊ वर्षांची. पोरगी खाली खेळायला गेली की पाठोपाठ तक्रार ठरलेली. कुणाची सायकल पाडली, कुणाला चिमटा काढला. तुमच्याआमच्या घरी येतात तशाच तक्रारी, त्यात काय एवढं!

पण त्या रविवारी दारात पद्मिनी नेताम उभ्या होत्या, सातव्या मजल्यावरच्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मूळच्या बस्तरकडच्या गोंड कुटुंबातल्या. हिंदी मुलखातल्या शहरात, तेलीबांधा भागातल्या या सोसायटीत येऊन त्यांना सहा महिने झाले होते. त्या आत आल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं, की साक्षीनं आणि आणखी तीन मुलींनी त्यांच्या इंदूला लिफ्टपाशी अडवलं, हात वर करायला लावले, तिची चित्रकलेच्या क्लासची पिशवी जमिनीवर उपडी केली आणि फ्रॉकचे खिसे चाचपले. गेटवरचा गार्ड ते बघून हसत होता.

"इंदू पूछ रही है, मम्मी, मैं चोर दिखती हूँ क्या," त्या म्हणाल्या. "मेरे पास जवाब नहीं है। आप अपनी बेटी से पूछकर बताइएगा।"

एवढं बोलून त्या निघून गेल्या. चित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खेळून परतलेल्या साक्षीला तिनं दंडाला धरून आत ओढलं आणि पाठीत धपाटा घातला. पोरगी रडली खरी, पण आपलं काय चुकलं हे तिला कळेचना. ती घरात मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. त्या पोरी म्हणे सोसायटी-सोसायटी खेळत होत्या. एक जण गार्ड, दोघी मॅडम, एक शेजारीण आणि एक कामवाली बाई. बाई घरी जायला निघाली की तिची पिशवी तपासायची. गेटवर रोज तेच तर होतं!

"पण बाई इंदूच काहून?" चित्रानं विचारलं.

"वो काली है ना, मम्मी। बाई जैसी दिखती है। आप ही ने तो बोला था।"

चित्राचा पुन्हा उगारलेला हात तसाच राहिला. बोललीच होती ती. नेताम मंडळी राहायला आली त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये तिनं पद्मिनीताईंना विचारलं होतं, कुठल्या फ्लॅटमध्ये कामाला लागलीस म्हणून. शिवाय रात्री जेवायला बसल्यावर तो किस्सा घरात रंगवून सांगितला होता. सगळे पोट धरून हसले, साक्षीही हसली. आणि पिशव्या तपासायचा नियम? तोही हिनंच सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलेला. कुणाची तरी चांदीची वाटी हरवली होती तेव्हा. वाटी पुढे त्यांच्याच कपाटात सापडली, पण नियम काही कुणी मागे घेतला नाही.

तरीही माणूस आधी पळवाटच शोधतो. चित्रानं फ्रिजमधून चॉकलेट काढलं, साक्षीच्या हातात कोंबलं आणि फर्मावलं, की वर जा, इंदूला सॉरी म्हण आणि विषय संपव.

तिचे सासरे अनंतराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, कोपऱ्यातल्या खुर्चीतून हे सगळं ऐकत होते.

"थांब पोरी," ते म्हणाले. "तू तिले सॉरी म्हणायले पाठवून राहिली. पण हे ती शिकली कोठून, ते तिले कोण सांगन?"

"लहान आहे ती, बाबा. तिले काय कळते रंग न् जात?"

"कळत नाही म्हणूनच आपलं पाहून उचलते. मीही त्या दिवशी दात काढून हसलो होतो. एका प्रोफेसर बाईले रंगावरून कामवाली ठरवलं, हे वाईट. अन् कामवाली म्हणजे चोर, हे त्याहून वाईट. दोन्ही गोष्टी पोट्टी आपल्याच घरात शिकली. तिले धपाटा देऊन आपण सुटत नाही."

चित्रा फरशीवर लेकीसमोर बसली.

"मी चुकली, साक्षी," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये मी जे बोलली ते वाईट होतं. त्याच्यावर आपण हसलो, तेही वाईट. तुले हे मीच शिकवलं."

साक्षीनं नाक पुसलं आणि आईकडे नीट पाहिलं.

"मुझे तो आपने मारा। आपको कौन मारेगा?"

चित्राला रडू आवरेना. चॉकलेट टेबलावर ठेवून ती लेकीला घेऊन सातव्या मजल्यावर गेली आणि साक्षीच्या आधी स्वतः माफी मागितली. लिफ्टमधलं बोलणं, जेवतानाचं हसणं, पिशव्यांचा नियम, सगळं कबूल केलं. पद्मिनीताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लिफ्ट की बात याद है मुझे," त्या म्हणाल्या. "उस दिन इंदू मेरा हाथ पकड़े खड़ी थी।"

त्या दिवशी लिफ्टमध्ये एक लहान मुलगीही होती, हे चित्रानं पाहिलंसुद्धा नव्हतं!

साक्षीनं आतल्या खोलीच्या बंद दारापाशी जाऊन सॉरी म्हटलं. दोनदा म्हटलं. आतून उत्तर आलं नाही. पद्मिनीताईंनीही इंदूला बाहेर ये म्हणून आग्रह केला नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये चित्रानं तो नियम रद्द करायला सांगितलं. हात वर झाले दोनच, तिचा आणि पद्मिनीताईंचा. बाकीच्यांनी सुरक्षेचं कारण दिलं, आणि नियम होता तसाच राहिला. इंदू खाली खेळायला आली नाही. साक्षी दर रविवारी विचारते, ती कधी येणार? चित्रा आता खोटी आशा लावत नाही. माहीत नाही म्हणते, आणि तिनं यावंच असा आपला हक्क नाही, हेही सांगते.

मंडळी, आपण सांगतो त्यातलं अर्धं मुलं ऐकतच नाहीत. पण आपण कुणाला हसतो, कुणावर संशय घेतो, ते मात्र नीट पाहून ठेवतात. म्हणून त्यांना माणुसकीचे धडे देण्याआधी आपली चूक त्यांच्यासमोर मोकळेपणानं कबूल करा. आणि हे, एखादी इंदू दार लावून बसण्याआधी करा.