सतरा सत्कार आणि एक हिरवा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. रंग गडद हिरवा, लांबी बारा हात, आणि उजव्या कोपऱ्यात बासुंदीचा एक डाग. तो डाग कसा पडला ते मला विचारू नका, नवरीच्या मामांना विचारा.

मालेगावच्या मागावर माझा जन्म झाला. तिथून धुळ्याच्या झुलालभाऊ मंडपवाल्यांनी मला आणलं. काय दिवस होते ते! स्टेजवर नवरा-नवरी बसायची आणि त्यांच्या मागे मी. आहेर देणारे, फोटोला डोळे मिटणारे, नुसते जेवायला आलेले, सगळे माझ्यासमोर उभे राहून गेले. धुळ्यातल्या निम्म्या घरांतले अल्बम उघडा, मी दिसेनच. त्या काळात मला थोडा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

पुढे लोकांना सोनेरी झालरी आवडायला लागल्या. माझी रवानगी जनरेटर झाकायला झाली. तीन वर्षं मी डिझेलचा वास घेत पडून होतो. कुणी साधं झटकलंसुद्धा नाही.

मग एके दिवशी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्याच दिवशी, पारसशेठ आले. हायवेवर सुगनचंद शेठजींचं फवारणी पंपांचं मोठं दुकान आहे, त्यांचे हे चिरंजीव. "व्हिडिओसाठी हिरवा पडदा पाहिजे," म्हणाले. मला वाटलं, देव पावला! आता अल्बम गेले तर गेले, मी मोबाईलवर दिसणार.

दुकानात गेल्यावर कळलं की पंप घेणाऱ्यांसाठी ऑनलाईन प्रशिक्षण तयार करायचं आहे. काम दिलं होतं हेमलताला. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. शिकून दुकानात कामाला लागलेली मुलगी, आणि ही कल्पनाही तिचीच. त्याला कारण होतं. तिचे वडील भुराबाबा दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणी करतात. गेल्या वर्षी वाऱ्याकडे तोंड करून फवारत गेले, औषध नाकातोंडात गेलं आणि सरीतच आडवे झाले. तीन दिवस सलाईन लागलं. तेव्हापासून फवारणीच्या दिवशी त्यांना अन्न जात नाही, तरी पावसाळा आला की पंप पाठीवर घेतातच. या वर्षीच्या पहिल्या फवारणीच्या आत बाबांपर्यंत हा धडा पोचला पाहिजे, एवढंच हेमलताचं म्हणणं होतं.

पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "आधी दोन गावांत जाऊन फवारणीवाल्यांना विचारू या, त्यांना काय येतं, काय येत नाही."

"विचारत बसायला वेळ कुठे आहे?" पारसशेठ म्हणाले. त्या वेळी हातात सव्वादोन महिने होते, मित्रांनो!

मला भिंतीवर ठोकलं. कॅमेरा आला, दिवे आले. काय शिकवायचं ते ठरायच्या आधी दुकानाचं नाव गोल गोल फिरत कसं येणार ते ठरलं, त्यात बारा दिवस गेले. मग पहिलं शूटिंग झालं, शेठजींच्या हस्ते सोनगीरच्या डीलरांचा सत्कार. सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. मीही भिंतीवरून मान लांब करून पाहिलं, आणि माझा धागा न् धागा गार पडला. शेठजींच्या मागे मी नव्हतोच! माझ्या जागी बर्फाचे डोंगर होते. कॉम्प्युटर हिरवं दिसेल तेवढं पुसतो; हिरव्या पडद्याचं काम म्हणजे मागे उभं राहायचं आणि शेवटी पुसलं जायचं, हे मला तेव्हा कळलं. शंभरावर लग्नं लावलेला पडदा मी, आणि माझी ही किंमत!

पण देवाच्या घरी न्याय आहे. दुकानाचा पंपही हिरवाच होता. मी गेलो, तसा पंपही गेला. सोनगीरचे डीलर बर्फात उभे राहून रिकामे हात हलवत होते. मला इतकं हसू आलं की माझा एक खिळा निसटला. मग नारंगी पंप येईपर्यंत काम आठ दिवस बंद.

खरा घोळ मात्र पुढेच होता. शूटिंगची बातमी फुटली. सोनगीरच्या डीलरचा सत्कार व्हिडिओत आहे म्हटल्यावर नरडाण्याचे डीलर फेटा बांधून आले. ते आले म्हणून शेठजींचे साडू आले. नाही म्हणणं शेठजींच्या स्वभावात नाही. मानपानाचा प्रश्न! दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, मनोगत, सगळं रीतसर. आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद. वैशाखातलं आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. मनोगत संपलं की जो तो मलाच तोंड पुसायचा. सतरा सत्कार झाले. नारळ एकच होता. दिला की पडद्यामागून परत यायचा. बाराव्या सत्काराला त्याची शेंडी गळाली, ती चिकटपट्टीने लावली.

त्यात अडतीस जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. हेमलता मजकूर पाठवायची तेव्हा सगळे अंगठा दाखवायचे. शूटिंग झालं की मग प्रत्येकाला काहीतरी सुचायचं. एक म्हणे आवाज बाईचा नको, दुसरा म्हणे बाईचाच हवा. मी लग्नं पाहिली आहेत हो! लग्नात मुहूर्त एक असतो, यादी एकाच्या खिशात असते आणि पंगतीत "वाढा" म्हणणारा माणूसही एकच असतो. इथे "वाढा" म्हणणारे अडतीस आणि "थांबा" म्हणणारेही तेच अडतीस. हेमलता रोज भिंतीवरचं कॅलेंडर बघायची आणि माझ्याकडे पाठ करून डोळे पुसायची. मला तिची फार दया यायची, पण पडदा करणार काय?

शेवटी बावन्न मिनिटांचा कोर्स तयार झाला. औषध फवारायचं कसं, हे एक्केचाळिसाव्या मिनिटाला. शेठजी बेहद्द खूश. पेढे आले. शेठाणी प्रेमकुंवरबाईंना कौतुकाने बोलावून दाखवलं, तर चौथ्या सत्काराला त्यांचा डोळा लागला.

हेमलताने आदल्या दिवशीच तो गावी आईच्या मोबाईलवर पाठवला होता. पेढे वाटले जात असतानाच आईचा, कस्तुराबाईंचा, फोन आला. शेठजी म्हणाले, "स्पीकरवर लाव, आम्हालाही ऐकू दे."

"हेमा, तुना कोर्स दखा वं माय," कस्तुराबाई म्हणाल्या. "बठ्ठा शेठ दखात. सतरा नारय व्हयनात. दवाई मारानं येवाना पहिले डाटा सरी गया. एक गोट सांग, नारय एकच व्हता ना?"

म्हणजे सगळे शेठ दिसले, पण फवारणी येण्याआधीच डाटा संपला. एकट्या प्रेमकुंवरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. तेवढ्यात पलीकडून पुढचं वाक्य आलं. "आनि सकाय तुना बाप दवाई माराले जाई ऱ्हायना."

सकाय म्हणजे उद्या. हेमलताच्या हातातला पेढा तसाच राहिला. ती सरळ शेठजींसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "शेठजी, माझे बाबा उद्या फवारायला जाणार आहेत. या सत्कारांनी ते वाचणार नाहीत. मला तीन मिनिटांचा व्हिडिओ करू द्या, आत्ता. आणि हो किंवा नाही फक्त तुम्ही म्हणा, दुसऱ्या कुणी नाही."

पारसशेठ म्हणाले, "ग्रुपवर टाकून विचारू या का?"

"ग्रुप गेला खड्ड्यात," शेठजी म्हणाले. माझ्यासमोर सतरा भाषणं झाली होती, पण त्यांचं एवढं चांगलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. "हो म्हणतो मी. पंप कोण घेणार?"

पंप घ्यायला कुणी पुढे येईना. जन्मभर पंप विकणारी माणसं ती, पाठीवर कुणी घेतला होता? मग शेठजींनीच घेतला. सोळा लिटर साधं पाणी भरलेला. "अरे बाप रे, हा एवढा जड असतो?" म्हणाले. नाकाला फडकं, हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून सगळे गच्चीवर निघाले.

दारातून हेमलता मागे फिरली. तिने खिळे उपटले, मला खांद्यावर टाकलं आणि वर नेऊन गच्चीच्या बांबूला बांधलं. हायवेवरून भन्नाट वारा येत होता. मी असा फडफडलो, असा फडफडलो! स्टेजवर कधी हलायची मुभा नव्हती मला.

हेमलताने स्वतःचा मोबाईल धरला आणि घरात बोलतात तसं बोलली. "बाबा, हाऊ हिरवा फडका दख. हाऊ जथा उडस, तथाच फवारा मारानं. वारासमोर तोंड करानं नही." म्हणजे मी जिकडे उडतो, तिकडेच फवारा मारायचा. शेठजींनी आधी वाऱ्याकडे तोंड करून दाखवलं, तर सगळं पाणी त्यांच्याच अंगावर आलं. मग माझ्याकडे बघून वळले, तेव्हा फवारा दूर गेला. मोजे आणि फडकं दाखवून झालं, आणि धडा संपला. माझ्या जागी बर्फ घालायला कुणाला वेळच नव्हता. मित्रांनो, मी बासुंदीच्या डागासकट त्या व्हिडिओत आहे!

दुसऱ्या दिवशी हेमलताचं कामात लक्ष नव्हतंच. दर पाच मिनिटांनी गच्चीवर माझ्याजवळ येऊन मोबाईल बघायची. दुपारी एक फोटो आला. कपाशीच्या बांधावर बांबू, त्याला कस्तुराबाईंच्या जुन्या लुगड्याची चिंधी, आणि चिंधीकडे बघत तोंडाला फडकं बांधलेले भुराबाबा. मागून निरोप आला, "शेठले सांग, पंपना पट्टा उलटा बांधेल व्हता." शेठजींनी तो निरोप दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "पुढच्या धड्याला आधी यांनाच विचारायचं."

दुकान बंद व्हायच्या वेळी ती गच्चीवर असतानाच कस्तुराबाईंचा फोन आला. फार बोलल्या नाहीत. "हेमा, आज तुना बापनी कळणान्या तीन भाकरी खाद्यात."

ज्वारी-उडदाच्या तीन भाकरी, आणि त्याही फवारणीच्या दिवशी! हेमलता माझ्यात तोंड खुपसून रडली. माझ्यावर आजवर खूप काही सांडलं आहे, पण हा डाग मला सगळ्यांत आवडतो.

बावन्न मिनिटांचा कोर्सही आहे अजून. शेठजी तो अधूनमधून एकटेच बघतात, बघू द्या. मी आता कायमचा गच्चीवरच असतो. उन्हाने विटलो आहे, एक कड फाटली आहे, जमलं तर तेवढी शिवा. आणि मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे झालात आणि कुणाला काही शिकवायची वेळ आली, तर शिकणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन आधी विचारा. सत्कार मागाहून करा, पाहिजे तर मी येतो मागे उभा राहायला. पण तुमच्या घरातलं कुणी पंप घेऊन निघालं, तर त्याआधी बांधावर एक चिंधी बांधा. कोणत्याही रंगाची चालेल.