दुसरी तक्रार

"तुझं पान वाचलं बरं का, चिमणे," दादा म्हणाला, आणि धाकटीच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला.

दोनच भावंडं. ती पन्नाशीला आली होती, कानशिलं पांढरी झाली होती, तरी या घरात ती चिमणीच होती आणि धाकटीच. दादाने उभा जन्म कवळ्या करण्यात घालवला होता. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. दादा त्यात प्लास्टर ओतायचा, मेण कोरायचा, दात बसवायचा, भट्टी लावायचा. "अर्ध्या शहराचं हसू माझ्या हातचं आहे," असं तो म्हणायचा, आणि वहिनी म्हणायची, "हो, आणि झोपताना ते पेल्यात बुडवून ठेवतात." पण गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात कापू लागला होता. घरामागच्या खोलीतली भट्टी, कंप्रेसर, घासायची चाकं असं सगळं त्याने दुसऱ्या एका कवळीवाल्याला विकून टाकलं होतं. शुक्रवारी सामान जायचं होतं आणि पैसे यायचे होते.

त्या पैशाचं काय करायचं तेही ठरलं होतं. दातांच्या टोप्यांसाठी दादाने आयुष्यभर सोनं, चांदी, पॅलेडियम घेतलं होतं. धातूचा भाव कधी चढणार हे आपल्याला वासावरून कळतं, असा त्याचा दावा होता. आता हाताने होत नाही ते नाकाने करायचं. वायदेबाजारात उतरायचं, पुढे मिळणाऱ्या मालाचा भाव आजच बांधून घ्यायचा, भाव वर गेला की सौदा विकून मोकळं व्हायचं. त्यासाठी ब्रोकर लागतो. ब्रोकर कोणता बरा म्हणून त्याने फोनवर शोधलं, तर सगळ्यांत वर आलं ते बहिणीच्या कंपनीचं पान.

"तक्रारी शून्य," दादाने बोटावर मोजलं. "पैसे काढायचं शुल्क शून्य. खातं गोठवल्याची प्रकरणं शून्य. म्हटलं, आता आणखी काय बघायचं? घरचंच पान आहे."

"दादा, ते शून्य नाहीये. तो रकाना रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे शून्यच की गं."

याच वाक्यावर धाकटीने बावीस वर्षं लाल शाई खर्च केली होती. विभाग बंद पडेपर्यंत ती कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा घ्यायची, आणि न घेतलेल्या नोंदीच्या जागी शून्य लिहिणाऱ्या मुलांना पूर्ण प्रयोग पुन्हा करायला लावायची. आता ती जिथे काम करत होती तिथे ब्रोकरांची एक स्प्रेडशीट होती. एका ओळीत एक ब्रोकर. पुढच्या रकान्यांत कमिशन, मार्जिन, किमान रक्कम, तक्रारी. धाकटीने वाक्यांचा एक साचा लिहिला होता, ज्यात मध्ये मध्ये जागा सोडलेल्या होत्या. बटण दाबलं की स्प्रेडशीटमधले आकडे त्या जागांत जाऊन बसत, आणि प्रत्येक ब्रोकरची प्रत्येक ब्रोकरशी तुलना करणारं एकेक पान तयार होई. पन्नास ओळींतून बाराशेच्या वर पानं, आणि एकही माणसाने लिहिलेलं नाही. रकाना रिकामा असला की वाक्यात भोक पडे. तेव्हा साहेब म्हणाले होते, "वाचणाऱ्याला भोक दिसता कामा नये, मॅडम. तिथे शून्य घाला." तिने घातलं. शिकवण्याची नोकरी गेल्यानंतर मिळालेली ती पहिलीच नोकरी होती.

"त्या ब्रोकरची माहिती आम्हाला मिळालीच नाही," ती दादाला म्हणाली. "माहिती नाही म्हणून तो चांगला दिसतोय."

"बरं," दादा म्हणाला. तो हट्टी होता, पण अन्यायी नव्हता. "मग बदलून दाखव. तुझ्या पानावर 'माहिती नाही' असं दिसलं, की नाही पाठवणार पैसे. शुक्रवारपर्यंत वाट बघतो. झालं?"

"झालं," ती म्हणाली. तिला खरंच वाटलं, झालं.

सोमवारी ती साहेबांकडे गेली. साहेब तापट नव्हते. तसे असते तर बरं झालं असतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"बरोबर आहे तुमचं. शून्य काढून टाका. पण पानं भोकाभोकांची नकोत. रिकामे रकाने सगळे भरून घ्या. दोन ठिकाणी सापडलं तरच भरायचं, आपला नियम आहेच."

रकाने भरायचं काम चिकटपट्टीचं. इथून उचलून तिथे चिकटवतो म्हणून त्याला हे नाव पडलं होतं, आणि त्याने ते आनंदाने घेतलं होतं. पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचा. जवळचा आणि लांबचा असे दोन चष्मे गळ्यात असायचे. काम मात्र मन लावून करायचा. मंगळवारी संध्याकाळी तो स्वतः तिच्या टेबलाशी आला.

"मॅडम, तुमचा तो ब्रोकर पूर्ण भरला. दोन कुठे, तीन ठिकाणी सापडलं!"

"काय सापडलं?"

"शून्य. तक्रारी शून्य, शुल्क शून्य, गोठवलेली खाती शून्य. तिन्हीकडे अगदी एकसारखं."

तिने तिन्ही वेबसाइटी उघडल्या. रंग वेगळे, नावं वेगळी. खाली उदाहरण दिलं होतं: समजा, तुम्ही सतरा किलो चांदीचा सौदा केला. दुसऱ्या ठिकाणीही सतरा किलो. तिसऱ्या ठिकाणीही. चांदीचा सौदा कुणी सतरा किलोचा करत नाही. साचा लिहिताना तिला एक विषम आकडा हवा होता म्हणून तिने सतरा घेतला होता, आणि नंतर बदलायचा राहून गेला होता.

"अहो, हे आपलंच आहे," ती म्हणाली. "यांनी आपल्या पानावरून उचललंय. हे सतरा माझे आहेत."

चिकटपट्टीने दुसरा चष्मा लावून पाहिलं. "असेल. पण बटण दाबलं की आपल्या पानाची तारीख नवी होते, आणि त्यांच्या पानावर आपल्या आधीची आहे. आपणच त्यांचं उचललं, असं कुणी म्हटलं तर?"

"सतरा मी लिहिलं हो!"

"मी मानतो, मॅडम. पण 'मॅडमना आठवतं' असा रकाना नाही आपल्याकडे."

बुधवारी पान नव्याने निघालं. शून्य तिथेच होतं. फरक एवढाच, की आता त्याच्या शेजारी हिरवी खूण होती आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: तीन ठिकाणी पडताळलेले. आधी ते नुसतं शून्य होतं. तिने हात लावला आणि त्याला साक्षीदार मिळाले.

ती पुन्हा साहेबांच्या खोलीत गेली. या वेळी ती तयारी करून गेली होती.

"साहेब, हा ब्रोकर कुठल्याच सरकारी नोंदणीत सापडत नाही."

"त्यांचा पत्ता एका बेटावरचा आहे ना? तिथली नोंदणी ऑनलाइन आहे?"

"नाही."

"मग सापडत नाही असं नका म्हणू. आपण पाहिलेली नाही असं म्हणा." साहेब हसले, कुचेष्टेने नव्हे. "तुम्हीच आम्हाला शिकवलंत, मॅडम. न घेतलेली नोंद म्हणजे शून्य नव्हे. मग ते दोन्हीकडून लागू होतं की नाही?"

ती जायला उठली. वर्गात एखाद्या मुलाने हे उत्तर दिलं असतं, तर तिने त्याला शाबासकी दिली असती.

"आणि हे पान सगळ्यांत जास्त चालतं," ती दाराशी पोहोचली तेव्हा साहेब म्हणाले. "तिथून जो माणूस खातं उघडतो त्याचे तो ब्रोकर आपल्याला पैसे देतो. तुमचा पगार कुठून येतो, काही कल्पना?"

गुरुवारी, सगळे चहाला खाली गेले असताना, तिने ती ओळच उडवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मुद्दाम एक नोंद नष्ट केली. बटण दाबलं. पानं पुन्हा निघाली आणि त्यांत तो ब्रोकर कुठेच नव्हता. तिने दादाला फोन करून सांगितलं, "बघ पान."

"अगं, आत्ता भट्टी उतरवतोय. उद्या सकाळी बघतो निवांत," दादा म्हणाला.

शुक्रवारी ती कामावर पोहोचली तर चिकटपट्टी वाटच बघत होता. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, काल तुमच्याकडून एक ओळ चुकून उडाली होती. मी येतोच लवकर, म्हटलं तुम्हाला बोल नको लागायला. लावली परत, पानंही काढली. साहेबांना काही बोललो नाही."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. त्याच्या चेहऱ्यावर इतका चांगुलपणा होता की तोंडून निघालं ते "थँक्यू".

ती तशीच उलट्या पावली दादाकडे गेली. घरामागची खोली रिकामी झाली होती. भट्टी होती तिथे भिंतीवर एक फिकट चौकोन उरला होता, आणि फरशीच्या फटींतून वर्षानुवर्षांचं प्लास्टर पांढरं दिसत होतं. दादा खिडकीत फोन घेऊन बसला होता. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं, बोट नीट पडावं म्हणून.

"ये. बदलून दाखवते म्हणालीस, आणि दाखवलंस! हिरवी खूण आली बघ."

"दादा, ती खूण खोटी आहे. आमचंच शून्य फिरून आमच्याकडे आलंय."

"तीन ठिकाणी आहे, चिमणे."

"तिन्ही आमचीच! पाठवू नकोस. पाया पडते तुझ्या."

दारात वहिनी येऊन उभी राहिली होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "वन्सं, राग मानू नका, पण एक सांगा. तुमच्या लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा की बोललेल्यावर?"

"बोललेल्यावर, वहिनी."

"मग लिहिता कशाला?"

धाकटीकडे याचं उत्तर होतं, पण ते पगाराच्या दिवसाएवढं लहान होतं.

दादा हसला. "ती लहानपणापासून भित्री आहे गं. झोक्यावर बसायची तेही पाय टेकवून." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "माप घेताना हवेचा एक बुडबुडा राहिला ना, की प्लास्टरमध्ये तिथे टेंगूळ येतं. नसलेली वस्तू, पण हाताला लागते. मला माहीत आहे तू काय म्हणतेयस. पण टेंगूळ मी तासून काढायचो. प्रत्येक बुडबुड्यापायी कवळी थांबवून ठेवली असती, तर लोक उपाशी राहिले असते. हात गेला माझा, चिमणे. बसून काय करू?"

आणि त्याने बोट टेकवलं.

पहिले काही आठवडे दादाचं नाक बरोबर निघालं. फोनच्या पडद्यावर आकडा वाढत होता. वहिनीसुद्धा चेष्टा विसरली. दादा म्हणे, "बघ." धाकटी बघत असे. मग दादाने त्यातला थोडा भाग काढायला घेतला. पडताळणी चालू आहे, असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग उत्तर येणं बंद झालं. पडद्यावरचा आकडा मात्र वाढतच राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दादा तिला एका शब्दानेही बोलला नाही. वहिनी बोलली असती, पण तीही बोलली नाही. तिने फक्त चहा देताना कप धाकटीच्या हातात द्यायचं सोडून टेबलावर ठेवायला सुरुवात केली. दादाने तेवढं एक केलं. त्या पानाच्या तळाशी 'तक्रार नोंदवा' अशी जागा होती, तिथे त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरून सगळं लिहिलं. हात कापत असल्याने सगळी सकाळ गेली.

तक्रार दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीच्या टेबलावर आली. धाकटी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"हा माझा भाऊ आहे."

चिकटपट्टीने दोन्ही चष्मे काढले. "वाईट झालं हो, मॅडम. फार वाईट. पण ही एकच आहे. दोन ठिकाणी सापडल्याशिवाय..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "बाजूला ठेवतो. दुसरी आली की लगेच चढवतो. देवाशपथ, माझ्या हाताने चढवतो."

तक्रारींच्या रकान्यात शून्य राहिलं. हिरवी खूण राहिली.

तेव्हापासून धाकटी कामावर आली की आधी ती बाजूला ठेवलेली तक्रार उघडते, तिच्याखाली दुसरी आली आहे का ते बघते, आणि मगच पर्स खाली ठेवते. कुठेतरी कुणीतरी आपली भट्टी, आपलं दुकान, आपलं काहीतरी विकून याच पानावर बोट टेकवत असणार, हे तिला माहीत आहे. त्याने टेकवू नये असं तिला वाटतं. आणि त्याने टेकवावं, बुडावं, आणि बुडाल्यावर चार ओळी लिहायचा कंटाळा करू नये, असंही वाटतं. यांतलं कोणतं किती, हे मोजायचं तिने टाळलं आहे.

दिवस मावळताना दादाचा फोन येतो. दुसऱ्या तक्रारीची अट तिने त्याला सांगितली आहे. तो पैशाचं विचारत नाही.

"आला का गं दुसरा?" एवढंच विचारतो, बस आली का विचारावं तसं.

"नाही, दादा."

"येईल," दादा म्हणतो. "पान चांगलं चालतंय ना तुमचं?"

"चालतंय," धाकटी म्हणते, आणि पानं काढायचं बटण दाबते.