सलांगीवरचे लोक

तलाव भरला की सलांग मोकळी ठेवावी, हे शेंबडं पोरगंही सांगेल. जादा पाणी जिथून सांडतं ती सलांग. ती तुंबली की पाणी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर चढतं, आणि पाळ शेवटी मातीचीच, तिनं दम धरावा तरी किती? पण मासळीपुढं ढिवराला अक्कल सुचेल तर शपथ! मच्छीमार सोसायटीनं तलावात रोहू-कतल्याचं बीज सोडलं होतं. ती बोटभर पिल्लं वाहून जाऊ नयेत म्हणून इस्तारीनं सलांगीला आडवं जाळं बांधलं, आणि वरून मिजास अशी, "एक शेपटी भायेर गेली तं मिशी उतरवून देईन."

मग झड लागली. भामरागडचा रस्ता बंद पडला, एटापल्लीची बस येईना. रानातून वाहून आलेली पळसाची पानं, काटक्या, तणस, एक अख्खी फांदी जाळ्याला येऊन बसली. सांडायचं पाणी तिथंच थोपलं आणि दुपारपर्यंत पाळीच्या काठाशी लागलं.

पाळीखाली रिठ होतं. रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. फार मागं कधीतरी तलाव फुटला, गाव वाहून गेलं, उरलेल्यांनी वरच्या अंगाला घरं बांधली. एवढंच सगळ्यांना ठाऊक. कसा फुटला, कोण कोण गेलं, असं विचारलं की म्हातारी माणसं तंबाखू मळायला लागायची. अलीकडं त्या रिठात घरकुलं झाली. त्यातल्याच एका घरात इस्तारीची सून पुनम बाळंतीण होती. नात चार दिवसांची.

डोक्यावर प्लास्टिक घेऊन त्याची बायको वच्छला पाळीवर आली.

"अवो, पाळीतून पानी झिरपून राह्यलं. आंगन भरलं. काढा ते जाळं."

"साऱ्या गावाची मासळी हाये वं त्यात."

"मंग मासळीलेच पाळण्यात घाला!" ती कडाडली. "पांदणीत कमरेइतकं पानी. मी कशीतरी आलो, बाळंतीण कशी येईल? पाळ गेली तं कोनाले हाका मारान?"

ती तशीच माघारी खाली गेली. गेली चुलीत मासळी, म्हणत इस्तारी कोयता घेऊन सलांगीकडं धावला.

आणि थबकलाच. सलांगीत माणसं उभी होती. बाया, गडी, दोन-चार पोरं. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडं, आणि सगळ्यांनी दोन्ही हातांनी जाळं धरलेलं.

"कोन होय रे? दुसऱ्याच्या तलावावर चोऱ्या करता?" तो ओरडला.

कोणी वळलं नाही. एवढं पाणी त्यांच्या पायांशी आदळत होतं, पण तिथं ना फेस, ना आवाज. बेडकंही गप्प झाली होती. इस्तारीनं पुढं होऊन दोर तोडला. दुसऱ्या टोकाचाही तोडला. जाळं हललं नाही. मुठींनीच ते ताणून धरलं होतं. बोटं कशी, तर दिवसभर चिखलात भाताची रोवणी करून आलेल्या बाईची असतात तशी, पांढरी आणि सुरकुतलेली.

"सोडा बाप्पा!" त्यानं हात जोडले. "खाली माही नात हाये!"

"आमचेही होते," एक गडी पाठमोराच म्हणाला.

"पाया पडतो, सोडा!"

"नाव घे. ज्याचं नाव घेशीन त्याचा हात सुटते."

कोणाचं नाव घेणार? गावात कधी कुणी एक नाव उच्चारलं असेल तर ना! पाळीवरून पाण्याची पहिली धार खाली उतरली. वच्छला, पुनम, ते एवढंसं बाळ, सगळी त्या धारेखाली. आणि त्याला आई आठवली. ताप चढला की ती बरळायची, 'जंगू, वर ये रे बाबा.' कोण जंगू, असं लहानपणी विचारलं तेव्हा बापानं थोबाडीत दिली होती.

"जंगू!" तो जीव खाऊन ओरडला. "दादा, सोड गा!"

कडेचं एक पोरगं वळलं. आठेक वर्षांचं असेल. नाक थेट इस्तारीच्या बापाचं. ते हसलं नाही, रडलंही नाही. इस्तारीकडं बघत त्यानं मूठ उघडली.

त्या कोपऱ्यातून जाळं टरकन फाटलं. फांदी, कचरा, चमचमती पिल्लं, सगळं नाल्यात गेलं. इस्तारी दगडांवर आपटला. उठून बघतो तर सलांगीवरून पाणी धो धो सांडतंय आणि माणूस एक नाही. पाळ मात्र वाचली होती.

संध्याकाळी सोसायटीचा अध्यक्ष बिरजू त्याच्या अंगावर धावून आला. "मानसं दिसली म्हणे! कोन्ती ढोसली होती गा? आता पुन्ना बीज आनू अन् उद्याच लोखंडी जाळी ठोकू. पाहू कोन तोडते!"

सुटला तो एकच हात. बाकीचे तिथंच असणार, आणि इस्तारीजवळ आता नाव उरलं नव्हतं. तो उठला आणि बिरजूच्याच घरी गेला. त्या काळातली एकटी बिरजूची आजी, झिंगूमाय, जिती होती. ती चुलीपाशी बसली होती.

"माय, रिठातले कोन कोन गेले? नावं सांग."

"कोनाले आठवते बाबू?"

"तुले आठवते. माह्या पुनमची पोर खाली निजून हाये, माय. सांग."

म्हातारीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "आमी साऱ्यायनं मिळून ठरवलं होतं," ती म्हणाली. "नाव घ्याचं नाई. नाव निंगालं का जाळं कोनं बांधलं तेही निंगते."

"कोन्तं जाळं, आजी?" दारातून बिरजूनं विचारलं. त्याच्या खांद्यावर तारेचं भेंडोळं होतं.

तिनं त्याच्याकडं मान वळवली.

"चैतू," ती म्हणाली. "माहा पयला लेक. चालाले लागला होता नुसता. सलांगीले जाळं तुह्या आज्यानं बांधलं, बिरजू. अन् दुसरं टोक मी धरलं होतं."